पालथा ब्लॉक

मुलुंड पूर्वेतली ती घटना अजून तपशिलासह आठवते. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती आणि तिथल्या पोलीस ठाण्यात मी गुन्हे तपासाचे काम पाहत होतो. गुन्हा वरवर साधा होता. बंद कपाटातून दागिन्यांची चोरी.

तीन मजली, जुनी सोसायटी. आवारातले उखडलेले सिमेंट काढून पेव्हर ब्लॉक बसवायचे, असे सभेत ठरले होते. रिवाजाप्रमाणे तीन कोटेशन मागवली गेली आणि एका ठेकेदाराला काम मिळाले. तो दोनदाच दिसला. प्रत्यक्ष काम करत होता त्याचा मिस्त्री, हाताखाली दोन कामगार. तिघेही रात्री पंपरूमशेजारी ताडपत्रीखाली झोपत.

तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. सोबत तिशीतला पुतण्या. एका गुरुवारी दुपारी बाई डोळे तपासायला गेल्या. संध्याकाळी परत येऊन कपाट उघडले तेव्हा पाटल्या आणि मोहनमाळ आत नव्हती. कुलूप शाबूत होते. सेक्रेटरींनी गेट बंद करून ठाण्यात फोन केला. आम्ही फिर्याद नोंदवली, पंचनामा केला, कामगारांच्या पिशव्या आणि आवारातली वाहने तपासली. काही मिळाले नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसातला ठाणे अंमलदाराने एक फोन घेतला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. "ब्लॉकवाले आज गाशा गुंडाळतायत. आत्ता नाही उचललं तर गेले समजा."

अर्ध्या तासात आम्ही तिघांना जीपमध्ये बसवले. मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडायला आलेली माणसे गेटपाशी उभी राहून बघत होती. त्या वेळी मला त्यात वावगे काही वाटले नाही.

दोन्ही कामगारांचे जबाब जुळले. आदल्या दिवशी दुपारी मिस्त्री दीड तास जागेवर नव्हता, असे दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले. मिस्त्री चाळिशीचा, मूळचा बुलढाण्याकडचा. कुटुंब वाकोल्यात. बाकी सगळ्या प्रश्नांना तो नीट उत्तरे देत होता.

"चार ते साडेपाच कुठं होतास?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"चोरी नाही केली साहेब. एवढंच सांगतो."

"अरे, बाहेर म्हणजे चंद्रावर गेला होतास काय?" आमचे हवालदार म्हणाले. मिस्त्री हसला नाही.

माझा अनुभव असा की खोटे बोलणारा माणूस तपशील जास्त देतो. तोंड मिटून बसणारा एकतर गुन्हेगार असतो किंवा दुसरेच काहीतरी सांभाळत असतो. यातले कोणते, हे चेहऱ्यावरून कळत नाही. कळते म्हणणाऱ्यांवर मी कधी विश्वास ठेवला नाही.

दुपारी हवालदारांनी डबा उघडला आणि दोन चपात्या त्याच्यापुढे सरकवल्या. खाऊन झाल्यावर तो आपणहून बोलला.

"पवईच्या एका सोसायटीत गेलो होतो साहेब. त्यांनी माझं कोटेशन मागितलंय. माझ्या नावावर, पहिल्यांदा. ठेकेदाराला कळलं तर आजच हाकलेल."

"मग हे सकाळीच सांगायचं ना!"

"तुम्ही तिथं चौकशीला गेला असता. चोर म्हटलं की कुठलीच सोसायटी गेट उघडत नाही." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "आज अकराला मापं घ्यायला बोलावलं होतं."

घड्याळात तीन वाजले होते.

त्याच्या फोनमध्ये पवईच्या त्या आवाराचे फोटो होते, गुरुवारच्या दुपारच्या वेळेसकट. तरी कोण कुठे काम करत होते हे जागेवर पाहणे आवश्यक होते. मी त्याला घेऊन सोसायटीत गेलो. इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात तो थांबला. तिथे नव्या ब्लॉकभोवती दोरी बांधलेली होती आणि दोरीच्या आत एक स्कूटर उभी होती.

"ही इथं कुणी लावली? मशीन फिरवल्याशिवाय गाडी चढवू नका म्हणून सांगितलं होतं."

खिडकीतून बाईंचा पुतण्या ओरडला, "माझीय. ए मिस्त्री, चौकशीला आणलंय ना तुला? मग गप जबाब दे. शहाणपणा नको शिकवू!"

मिस्त्रीने वर पाहिलेही नाही. तो गुडघ्यांवर बसून स्कूटरखाली बघत होता.

"साहेब, हा ब्लॉक माझ्या हातचा नाही. पालथा बसलाय."

मला सगळे ब्लॉक सारखेच दिसत होते. त्याने समजावले. ब्लॉकच्या वरच्या बाजूच्या कडा घासल्यासारख्या उतरत्या असतात, खालच्या सरळ. हा कोपरा गुरुवारी दुपारी बसवला होता. सांध्यांत बारीक वाळू भरायची आणि वरून मशीन फिरवून दाबायचे, हे काम शुक्रवारी सकाळचे. तोवर ब्लॉक हाताने उचलता येतो. नंतर येत नाही.

म्हणजे शुक्रवारी सकाळी काम थांबणे कुणाच्या तरी गरजेचे होते. ते थांबवले आम्ही, एका फोनवरून.

पंचांना बोलावून स्कूटर हटवली आणि ब्लॉक उचलला. खालच्या दगडाच्या चुऱ्यात रुमालात बांधलेल्या पाटल्या आणि मोहनमाळ होती.

"साहेब, कालपासून आपण इथूनच येरझाऱ्या घालतोय," हवालदार हळूच म्हणाले.

पुतण्याने दहा मिनिटे वाद घातला, मग खुर्चीत बसला. बाई डॉक्टर न भेटल्याने लवकर परतल्या, गेट बंद झाले आणि दागिने बाहेर नेता आले नाहीत. पोलीस येण्याआधी त्याने ते घाईत तिथे पुरले. सकाळचा फोनही त्याचाच, मित्राच्या मोबाइलवरून. आवारात झोपणारे तिघे गेले की रात्री अंधारात दागिने काढायचे, असा बेत होता. चोरीचे कारण नेहमीचेच होते. ते इथे लिहिण्याची गरज नाही. बाई एवढेच म्हणाल्या, "मागितले असतेस तर दिले असते रे."

मी मिस्त्रीला जायला सांगितले. तो हलला नाही.

"असं नाही साहेब. सकाळी ज्यांच्यासमोर नेलंत, त्यांच्यासमोर सोडा."

मागणी रास्त होती. माणसे कामावरून परतेपर्यंत मी थांबलो. तोवर त्याने चुरा सारखा केला, तो ब्लॉक सरळ बसवला आणि रबरी हातोड्याने दोनदा ठोकला. सहाच्या सुमारास गेटपाशी, सेक्रेटरींना शेजारी उभे करून, या माणसाचा चोरीशी काही संबंध नाही असे मी मोठ्याने सांगितले. काहींनी माना डोलावल्या. एकाने विचारले, "मग आता काम कधी संपणार?"

इथे मी थांबायला हवे होते. पण त्याचे काम जाऊ नये म्हणून मी पवईच्या सेक्रेटरींना स्वतः फोन केला. हुद्दा सांगितला, माणूस सचोटीचा आहे म्हणालो. त्यांनी अदबीने ऐकून घेतले.

"ते ठीक आहे साहेब. पण त्याचं काहीच नव्हतं, तर पोलीस का फोन करतायत?"

ते काम दुसऱ्याला गेले.

गुन्हा चोवीस तासांत उघडकीस आला, मुद्देमाल फिर्यादीला परत मिळाला, वरिष्ठांनी शाबासकी दिली. मिस्त्रीचे जे गेले त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही. त्यानंतर चौकशीसाठी आणलेल्या प्रत्येकाला मी आधी एक प्रश्न विचारत असे: आज तुला कुठे पोचायचे होते? उत्तर पडताळायला एक फोटो, एक फोन पुरतो.

त्या शुक्रवारी हा प्रश्न मी सकाळी आठला विचारला असता, तर अकरा वाजायला तीन तास बाकी होते.