कांचनचे दोन मैल

नीळकंठराव भोपाळच्या मोठ्या कारखान्यात जन्मभर फिटर होते. जुनी यंत्रं विलायती, इंचांची. नवे नकाशे मिलिमीटरचे. इंचाचे मिलिमीटर ते तोंडी करत आणि वर मोजूनही बघत. जरा कसर दिसली तर बसवलेला भाग पुन्हा उतरवायला लावत. घरीही तोच खाक्या. कमलिनीबाई म्हणत, "यांच्यासमोर पोळी लाटायची सोय नाही."

लेक कांचन विलायतेत, लेस्टरला. त्या हिवाळ्यात ती बर्फावर घसरली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर तिने खुर्ची धरली. शेवटी नीळकंठरावांनी फोनवर ठणकावलं, "रोज दोन मैल चाल. मीही इथे दोन मैल चालतो. जो कमी पडेल तो हरला." पोर बापासारखीच हट्टी. चालू लागली.

इंद्रपुरीतल्या घरापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत, हे स्कूटरच्या मीटरवर दोन किलोमीटर भरायचं. नीळकंठरावांच्या लेखी मैल म्हणजे किलोमीटरचंच जुनं नाव. त्यांची आई मरेपर्यंत किलोला शेर म्हणत होती आणि दूधवाल्याचंही त्यात काही अडलं नाही. तसंच हे. फिटरला इंच लागला, मैल कधी लागलाच नव्हता.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

"किती वेळ लागला?"

"पाऊण तास, बाबा."

"मला अर्धा. आणि मी सत्तरीचा. पाय ओढतेस काय?"

आधी ती हसायची. मग हसणं थांबलं. एके दिवशी म्हणाली, "बाबा, मी उद्यापासून जाणार नाही. तुमच्याइतकंही जमत नाही मला. हा पाय आता असाच राहणार." आणि फोन ठेवला.

कमलिनीबाई म्हणाल्या, "झालं समाधान? पोर म्हणजे काय यंत्राचा भाग आहे, उतरवून पुन्हा बसवायला?"

नीळकंठरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी दूधकेंद्रावर शंकर भेटला. हा कारखान्याची बस चालवायचा. पडलेला चेहरा पाहून त्याने खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

"तिकडे पाट्या मैलांच्या असतात. ती मैलच चालत असणार. तू किती चालतो?"

"दोनच की. मैल म्हण, किलोमीटर म्हण."

"अरे यार! माझ्या पहिल्या बसला मैलांचा काटा होता. सुई चाळीसच्या वर जायची नाही. मग किलोमीटरवाली बस आली. तोच रस्ता, तोच पाय, अन् सुई पासष्टला! विजयाला म्हटलं, बघ, तुझा नवरा जवान झाला." शंकर हसला, मग थांबला. "दहा मैलांचे सोळा किलोमीटर होतात, बाबू. पोरगी सव्वातीनच्या जवळ चालते. अन् तू दोन चालून तिला टोमणे मारतो?"

फोन तेव्हाच करता आला असता. पण न केलेल्या कामाबद्दल नीळकंठराव कधी बोलले नव्हते. त्यांनी स्कूटर काढली, फाटकाच्या पुढे सहाशे मीटर मोजले. तिथे एक गुलमोहर होता. संध्याकाळी त्या गुलमोहरापर्यंत पायी गेले आणि परतले. वाटेत नाल्यावरची पुलिया लागली, कठड्यावर बसावंसं वाटलं. बसले नाहीत.

कमलिनीबाई दारातच होत्या. "होतात कुठे? चहा दोनदा गरम केला."

"घड्याळ बघ."

"पाऊण तास होऊन गेला की."

"हं," म्हणत त्यांनी फोन लावला.

"कांचन, मला पाऊण तासाच्या वर लागला."

"कशाला?"

"तुझ्या दोन मैलांना. इतके दिवस मी किलोमीटर चालत होतो. कमी पडलो. हरलो मी."

पलीकडून मग बारीक आवाजात, "म्हणजे मी हळू नव्हते?"

"माझ्या पुढे होतीस. तेही ऑपरेशनचा गुडघा घेऊन."

"आणि रोज मला बोलत होतात! आईला फोन द्या आधी."

त्यांनी मुकाट्याने दिला. मायलेकी बराच वेळ हसत होत्या. नीळकंठराव गुडघ्याला तेल चोळत ऐकत राहिले.

"विचार तिला," ते शेवटी म्हणाले, "उद्या निघणार ना? मी गुलमोहरापर्यंत जाणार आहे."

कमलिनीबाईंनी विचारलं, ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

"निघते म्हणाली. तुम्ही तेवढे पाय ओढू नका."