ठेवणीतला व्हॉल्व्ह

माझं शिक्षण चौथीपर्यंत. लिहिताना हात अडतो. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही, म्हणून जसं जमेल तसं लिहितो.

ढाणकीच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुसदला एका मिस्त्रीकडे झाडू मारता मारता काम शिकलो आणि गावात येऊन टेबल टाकलं. लोक जुने रेडिओ फेकायचे, मी उचलून आणायचो. त्यातले भाग काढायचे, तपासायचे, चांगले ते ठेवायचे. दुकान कधीचंच बंद झालं, पण खोड गेली नाही. मागच्या खोलीत बिस्किटाचे पत्र्याचे डबे छताला टेकलेत. कंडेन्सर, कॉइल, जुने ट्रान्झिस्टर, आता कुठंच मिळत नाहीत असे बल्बासारखे काचेचे व्हॉल्व्ह.

डबे माझे, पण लावले बायकोनं. तिला अक्षर येत नव्हतं. रजिस्टन्सवर रंगाच्या रेघा असतात, त्यावरून तो केवढा ते कळतं. पहिल्यांदा तिनं मूठभर हातात घेतले आणि म्हणाली, "अवो, ह्यायनं तं बांगड्या भरल्या." त्या दिवसापासून ते निवडायचं काम तिचं. मी चष्मा शोधेपर्यंत पिवळा-जांभळा-लाल माझ्यापुढे पडलेला असायचा. चुकली नाही कधी. मी मात्र तिला कधी शाबास म्हटलं नाही. तसं बोलायची आमच्यात रीत नव्हती, आणि असती तरी मी म्हटलं नसतं.

घरात एक मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो तिचा. पहाटे चुलीत लाकूड सरकवायच्या आधी ती त्याचं बटन फिरवायची. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, तेवढ्यात तिची चूल पेटायची.

मागच्या थंडीत ती खाटेला लागली आणि त्याच महिन्यात रेडिओ मुका झाला. दिवा लागे, आवाज नाही. आवाजाचा व्हॉल्व्ह गेला होता. तसला चांगला एकच माझ्याकडे उरला होता, कोरा, न वापरलेला. कित्येक वर्षांपूर्वी मीच तो तिच्या हातात देऊन म्हटलं होतं, "कोणाचा हात लागणार नाही अशा जागी ठेवजो." तिनं ठेवला. कुठं, ते मी विचारलं नाही.

खाटेवरून ती म्हणाली, "लावा ना तो नवा."

मी म्हटलं, "तो ठेवणीतला हाय. दुसरा मागवतो नागपूरहून."

"कोणासाठी ठेवून राह्यले?"

मी रेडिओचं मागचं झाकण लावून टाकलं.

शेजारी एक वहिनी राहते, मधे एकच भिंत. तिची नि बायकोची लुगडी वाळायला एका दोरीवर. तिचा एक लहान ट्रान्झिस्टर रेडिओ बंद पडून होता. ती आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमचा नसन होत तं माहा तरी करून द्या. मोठ्यानं लावतो, भिंतीपलीकडून तिले आयकू जाईन."

मी उघडून पाहिला. त्याच्या आतला एक ट्रान्झिस्टर गेला होता. तसले दोन माझ्या डब्यात होते, जोडी होती. जोडी फोडायची नाही हा माझा नियम. म्हटलं, "फेका हा डबा, वहिनी. याच्यात जीव नाही राह्यला."

नागपूरचा व्हॉल्व्ह आला नाही. फाल्गुनात बायको गेली.

तेरवी झाली, माणसं परतली, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. तो व्हॉल्व्ह शोधायचा आणि तिच्या रेडिओत लावायचा. ऐकायला ती नाही हे मला समजत होतं, मी काही वेडा झालो नव्हतो. पण तिनं मागितलेलं ते एकच होतं. सगळे डबे उतरवले. तिची पेटी पाहिली. देवळी, माळा, गोधड्यांच्या घड्या पाहिल्या. सून म्हणे, "मामाजी, काय हरवलं ते सांगा तं खरं, मी बी पाहतो." मी म्हणे, "तुले नाही समजणार." पावसाळा गेला, दिवाळी गेली, व्हॉल्व्ह सापडला नाही.

मग एक दिवस घरातलं पीठ संपलं. कोठीत तळाला मागची ज्वारी उरली होती, कडुलिंबाच्या पाल्यात. चक्कीवर न्यायला मी कोठीच तिरपी केली आणि पोत्यात ओतली.

सून धावत आली. "थांबा मामाजी, निवडून देतो. आत्याबाई न निवडता दाणा चक्कीवर नव्हत्या जाऊ देत."

"काय निवडतं त्याच्यात? साफ हाय."

"सुपात घेतो, अर्धा घंटा लागते."

"तुमचा अर्धा घंटा म्हणजे दुपार." आणि पोतं सायकलवर टाकून निघालो.

चक्कीवाल्यानं पोतं वरच्या पेटीत उलटं केलं. दाणा खळखळत पडला आणि मधेच लोखंडावर काच फुटल्याचा आवाज आला. त्यानं चक्की बंद केली. पेटीच्या तोंडात फडकं अडकलं होतं. बाहेर ओढलं, तर हिरव्या लुगड्याचा तुकडा. तिच्याच लुगड्याचा. दोऱ्यानं बांधलेला. आत काळं बूड, आठ पिना आणि वर काचेचा चुरा.

"काकाजी, हे काय बल्ब घेऊन आले दळाले?" चक्कीवाला हसला. मग मूठभर दाणा उजेडात धरून पाहिला. "काच हाय. हा दाणा आता ढोरायलेही चालत नाही."

"फेकून दे," मी म्हटलं.

सायकल हातात धरून पायी आलो. वाटेत सगळं समजत गेलं. बाया अंडी दाण्यात ठेवतात, काचेच्या बांगड्या ठेवतात, दाण्यात काही फुटत नाही. आणि तो दाणा निवडल्याशिवाय घराबाहेर जात नाही, म्हणजे वस्तू कधी ना कधी बाईच्याच हातात यायची. दर वर्षी नवा दाणा भरताना तिनं तो परत तळाशी ठेवला असणार. तिनं जागा बरोबर धरली होती. खाटेवरून आठ पावलांवर कोठी होती. सुनेला सांगितलं असतं तर तिनं काढून दिला असता. पण मी ठेवणीतला म्हटलं होतं, म्हणून बायकोनं तोंड उघडलं नाही.

सुनेला सांगितलं. ती रडली. माझ्यावर चिडलीही, ते बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जोडीच्या डब्यातून एक ट्रान्झिस्टर काढला, सोल्डरचं सामान घेतलं आणि शेजारी गेलो.

"वहिनी, तो रेडिओ काढा."

"कोणता? तुमी फेका म्हणे तो?"

"तोच."

"फेकला नाही मी. तुमच्यावानी मीबी ठेवतो." तिनं कणगीमागून काढून पुसला नि माझ्यापुढे आपटला. "आता कायले आले? होती तवा हात दुखत होते काय?"

"हो," मी म्हटलं. "दुखत होते."

तिनं पाट पुढं सरकवला. ट्रान्झिस्टर बसवायला वेळ लागला. आधी खरखर, मग नागपूर लागलं. कोणीतरी कापसावरच्या बोंडअळीचं सांगत होतं. वहिनीनं बटन पूर्ण फिरवलं.

चहाला थांबलो नाही. घरी येऊन बायकोच्या खाटेवर बसलो. भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू येत होता.