मिठातला बर्फ आणि धाकटीचं रक्त

माझ्या थोरल्या मुलीला अकराव्या वर्षी साखरेचा आजार निघाला. रोज दोन इंजेक्शनं आणि वहीत सकाळ-संध्याकाळचे आकडे. धाकटी तेव्हा सात वर्षांची. दोन वर्षांनी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "या आजारात शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटतं. त्याच्या खुणा, म्हणजे अँटिबॉडी, आजाराच्या आधीच रक्तात दिसू शकतात. धाकटीचं तपासून घ्या."

घोडेगावच्या लॅबवाल्यानं रक्त काढलं. ते गरगर फिरवून त्यातलं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं करायचं यंत्र वीज नसल्यानं बंद होतं. तो म्हणाला, "तसंच पुण्याला न्या भाऊ. फक्त गार ऱ्हायला पायजे."

एसटीला तीन तास. बाहेर मे महिन्याचं ऊन. आमच्या घरी दर उन्हाळ्यात हातानं फिरवायच्या पॉटमध्ये आईस्क्रीम होतं, त्यामुळे बर्फात खडेमीठ टाकलं की गारवा वाढतो हे मला पक्कं ठाऊक. मोठ्या तोंडाच्या थर्मासात बर्फ भरला, त्यात दोन मुठी मीठ आणि मधोमध रक्ताची नळी. वाटेत चारदा झाकण उघडून बोट घातलं. चटका बसला, की बरं वाटायचं.

पुण्याच्या लॅबमधल्या बाईंनी नळी उजेडात धरली.

"वाटेत याचा बर्फ झाला होता. पेशी फुटल्यात. यावर तपासणी होणार नाही."

मी मिठाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "रक्ताची कुल्फी करायला गेला व्हता का तुमी? आता परत सुई टोचायची, ते तिला तुमीच सांगा."

मी सांगितलं. धाकटीनं विचारलं, "दादा, पयलं कुठं गेलं?"

"माझ्या चुकीनं वाया गेलं."

या वेळी तिलाच पुण्याला नेलं. रिपोर्टला अठरा दिवस लागले. थोरलीचा आजार सारख्या तहानेनंच सुरू झाला होता, म्हणून तेवढे दिवस मी धाकटीच्या पाण्याचे पेले मोजले. एकदा दुपारपर्यंतच सात झाले. बायकोला सांगितलं नाही. पण तीही मोजत होती, हे तिनं नंतर सांगितलं.

तपासलेल्या दोनपैकी एक अँटिबॉडी मर्यादेच्या आत होती, दुसरी वर.

बायकोनं डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे व्हणार का न्हाई?"

"एकीवरून सांगता येत नाही. धोका इतरांपेक्षा जास्त आहे, एवढंच. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

परतीच्या एसटीत धाकटी माझ्या आणि थोरलीच्या मध्ये बसली होती.

"मला पण झालाय का?"

"आज नाही," मी म्हणालो.

"मग कधी?"

थोरली म्हणाली, "झाला तर सुई मी टोचीन. दादांना नको."