धनलालचा महाल

सकाळी धनलालच्या लेकीचा, ममताचा फोन आला. "काका, बाबा गेले." मी म्हटलं, "बाबाले फोन दे." मग ती हळूच म्हणाली, "काका, यावेळी खरंच..."

मेलेल्या माणसालाच फोनवर बोलावणारा मित्र तुम्हाला विक्षिप्त वाटेल. पण ज्याने धनलालला पाहिलं आहे, तो मला दोष देणार नाही. या गृहस्थाने पूर्वी एकदा स्वतःच्या मरणाची बातमी मला स्वतःच पाठवली होती. बदली होऊन मी गोंदियाला राहायला गेलो, शाळा आणि संसार यांत अडकलो, गावाकडे फिरकलो नाही, एवढाच माझा गुन्हा. रडत-पडत मी गावाजवळच्या सौंदड स्टेशनवर उतरलो, तर हा फलाटावर उभा राहून पेरू खात होता. "आला ना बे मास्तर? साधं बोलावलं असतं तं कायले आला असता तू?" मी त्याच्याशी दिवसभर बोललो नाही. जेवलो मात्र त्याच्याच घरी, कारण त्याच्या बायकोने माझ्यासाठी वडे तळले होते आणि तिचा काही दोष नव्हता.

थापा मारणं हा धनलालचा स्वभावच होता. इटियाडोहच्या कालव्यात त्याने मगर धरली होती म्हणे, आणि ती मगर दरवर्षी हातभर वाढत असे. कचारगडच्या गुहेत शिरून तो थेट छत्तीसगडात निघाला होता आणि तिथल्या लोकांनी त्याला चहा पाजला होता. या थापांनी कोणाचं नुकसान झालं नाही. नुकसान झालं ते त्याचंच, कारण गावाने त्याचं कुठलंच बोलणं मनावर घेणं सोडून दिलं. त्याची ममता शिकून व्हिएतनामला कपड्याच्या कारखान्यात नोकरीला लागली, तेव्हा ती खरी गोष्टही लोकांनी मगरीच्या शेजारी नेऊन ठेवली.

त्याला हौस होती नाटकाची. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दिवसभर बाजार, आणि रात्री नाटक ते उजाडेपर्यंत. आमच्या गावाची हौशी मंडळी स्वतःच नाटक बसवत, मी पडद्याआड बसून प्रॉम्प्टिंग करत असे. धनलालचा आवाज खणखणीत, पण त्याला दरवर्षी भालदार नाही तर शिपाई. बाकी त्याचं काम म्हणजे ऑटोला भोंगा बांधून नाटकाचा पुकारा करत फिरणं. राजा व्हायचं हे त्याचं आयुष्यभराचं स्वप्न. मग एका वर्षी आमचा नेहमीचा राजा रायपूरला मुलाकडे कायमचा राहायला गेला आणि भूमिका धनलालच्या पदरात पडली. तो म्हशीला पाणी पाजताना संवाद म्हणू लागला. म्हशीला तेवढे पाठ व्हायचे राहिले होते.

त्याच आठवड्यात ममताचे फोन सुरू झाले. तिच्या तिथल्या गावी समुद्रावरून भयंकर वादळ आलं होतं. कारखान्याचे पत्रे उडाले, झाडं मुळासकट आडवी झाली, माणसंही गेली. ती सुखरूप होती. पण वादळ तिथेच थांबलं नाही. लाओसमध्ये घुसलं, मग थायलंडमध्ये तिच्या मैत्रिणीच्या गावी, तिथून ब्रह्मदेशात. ती रोज बापाला सांगायची आणि बाप रोज आम्हाला. आम्ही हूं हूं करत चहा पीत असू.

मंडईच्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. मी तालमीसाठी गावीच मुक्कामाला होतो. त्याच्या तोंडाकडे पाहून मला वाटलं, संवाद विसरला. त्याने मोबाइल पुढे केला. "हे पाह्य." मैत्रिणीच्या गावचा फोटो होता. कापलेलं धान बांधीत, म्हणजे भातखाचरात, लोळलेलं, वर गुडघाभर पाणी, आणि एक बाई चिखलातून उपसलेल्या लोंब्या हातात धरून उभी. धनलाल म्हणाला, "मले वाटलं, आपल्या गावची सेवंताबाईच हाय. बांधी आपल्यासारखीच, बाई आपल्यासारखीच." मग म्हणाला, "ममता म्हन्ते, तुफान इकडच्या समुद्रात उतरलं आन् पुन्हा ताकद धरली. आता आपल्याकडं येऊन राहिलं."

तेव्हा आमच्या शिवारातही सगळं धान कापून कडपा पडल्या होत्या. कडपा म्हणजे कापलेल्या धानाच्या पसरलेल्या ओळी. त्या उन्हात वाळल्या की भारे बांधून त्यांचे पुंजणे, उंच गंज्या रचायच्या. पण मंडईच्या दिवशी बांधीत कोण जाईल? पाहुणे आलेले, घरोघरी कढई चढलेली. हवामानाचे इशारे मोबाइलवर आले होते. पण आभाळ निरभ्र दिसत होतं आणि तसले इशारे रोजच येतात, म्हणून लोक ते बोटाने पुसून टाकत. चौकात धनलालने तोंड उघडताच चहावाला सुखदेव म्हणाला, "वियतनामचं तुफान सौंदडले येते म्हन्ते! तिकीट काढून येते का गा?" सगळे हसले. धनलालही हसला, सवयीनं. आणि मग उठून ऑटोकडे गेला.

थोड्या वेळाने भोंग्याचा आवाज आला. मला वाटलं, नाटकाचा पुकारा. होताही नाटकाचाच.

"मायबाप हो, आज रातचं नाटक होनार नाही. राजा सोता सांगून राहिला, होनार नाही. मंडपाच्या ताडपत्र्या आमी सोडून राहिलो, ज्याले लागन त्यानं घेऊन जा. कडपा उचला, पुंजणे रचा, झाका. मी आतावरी लय थापा मारल्या. हे बी थाप निघाली तं मले जन्मभर शिपाई करा. राजाचं नावबी नाही काढनार मी..."

सुखदेवने गाळणी खाली ठेवली. "धनलाल राजेपन सोडून राहिला," तो म्हणाला, "म्हंजे गोठ खरी हाय." आणि त्याने दुकान बंद केलं.

उरलेला तो दिवस मी कधीच विसरणार नाही. नवे कपडे घातलेले जावई बांधीत उतरले. एक जावई तर पांढऱ्या बुटांनिशी भारे वाहत होता आणि त्याची सासू बांधाच्या धुऱ्यावरून त्याला सूचना देत होती. बायकांनी कढया उतरवल्या आणि दोऱ्या घेऊन निघाल्या. वडशाहून आलेली नटी, नाटकातली राणी, तीही पदर खोचून उभी राहिली. ती शेतकऱ्याचीच लेक निघाली. मी खडू धरणारा माणूस, पण त्या दिवशी माझ्याही हाताला फोड आले आणि मला त्याचा अजून अभिमान आहे. दुपारपर्यंत आभाळ पांढुरकं झालं, मग काळवंडलं. दिवस मावळायला शेवटचा पुंजणा रचून झाला, तो सेवंताबाईचा. नवरा नसलेली बाई, एकाच बांधीवर घर चालवणारी. आणि ताडपत्र्या संपल्या होत्या.

धनलाल मंडपाकडे धावत गेला आणि खांद्यावर गुंडाळी टाकून आला. राजदरबाराचा पडदा. ऑइलपेंटने रंगवलेला, जाड, मंडळाचा जीव की प्राण. मी ओरडलो, "अबे, महाल हाय तो!" तो म्हणाला, "मंग? राजा मी हाय ना!" आम्ही दोघांनी तो पुंजण्यावर ओढून दोरखंडाने आवळला तोवर वारा सुटलाच होता.

काय वारा होता तो! मंडपाचे बांबू उपटून रस्त्यापलीकडे फेकले, शाळेसमोरचा आंबा आडवा केला, पत्रे कागदासारखे उडवले. वर पाऊस, उजाडेपर्यंत. नाटक झालं असतं तर आम्ही सगळे त्या मंडपाखाली असतो, हे कोणाला बोलून दाखवावं लागलं नाही. सकाळी गाव बांधीत गेलं. पाणी तुंबलेलं, पण उंचावरचे पुंजणे जागच्या जागी उभे. सेवंताबाईने पडद्याखाली हात घातला, ओंजळभर लोंब्या काढल्या, चोळल्या, दाणा दाताखाली घेतला. कट्ट् वाजला. त्या आवाजावर सगळं गाव हसलं आणि धनलाल ढसाढसा रडला.

नाटक नंतर झालं. पडद्यावरचे खांब थोडे ओघळलेले, सिंहासनावर चिखलाचा डाग. तो कोणी पुसू दिला नाही. धनलालचा प्रवेश झाला आणि त्याने माझ्या वहीत नसलेलं वाक्य म्हटलं, तेही चक्क घरच्या बोलीत: "प्रधानजी, आमचा महाल गळला तं गळू द्या. रयतेचं धान कोरडं पायजे." शिट्ट्या, टाळ्या, वन्स मोअर. त्याने ते वाक्य तीनदा म्हटलं. मला वाटतं, आणखीही म्हणाला असता, पण राणीने चिमटा काढला. त्यानंतर जन्मभर तोच राजा, आणि पडदा त्याच्याच घरी. थापा मारणं त्याने सोडलं नाही. फक्त आता लोक त्या मांडी घालून ऐकत.

यंदा दसऱ्यानंतर तो गेला. अंथरुणाला खिळला नाही, कोणाला त्रास दिला नाही. आदल्या संध्याकाळी दसऱ्याला घरी आलेल्या ममताला मगरीची गोष्ट सांगितली म्हणे. मगर बरीच मोठी झाली होती.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. धान कापून झालं आहे, आभाळ स्वच्छ आहे. सेवंताबाई दारात आली आणि ममताला म्हणाली, "तो पडदा दे वं माय." ममता म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे आता नवी ताडपत्री हाय ना?" "हाय ना. पन पहिला पुंजणा धनलालभाऊच्या महालाखालीच राहीन." आम्ही तिघांनी तो नेला आणि पुंजण्यावर ओढला. माझ्याच्याने आता गाठ आवळत नाही, ती ममताने मारली. सौंदडकडे जाणाऱ्या रस्त्यावरून तो लांबून दिसतो, भर शिवारात उभा, ओघळलेल्या खांबांचा राजवाडा. एक मोटारसायकलवाला थांबला आणि विचारू लागला, हे काय आहे. सेवंताबाईने सांगितलं, वियतनामहून तुफान आलं होतं, ते आमच्या राजाने अडवलं, त्याचा हा महाल आहे. तो हसायला लागला. आमच्यापैकी कोणी हसलं नाही.