कोष्ट्याची गाठ

गळ टाकायला नव्याने शिकणाऱ्या माणसाचा दोरा तुटला की तो आधी दुकानदाराच्या नावाने खडे फोडतो, मग माशाच्या, आणि मग घरी येऊन बायकोच्या. आमच्या घरी हे सगळं याच क्रमाने झालं, म्हणून सांगते. स्वतःच्या हाताकडे बघायची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि आमच्याकडे ती येता येता फार उशीर झाला असता.

आम्ही नागपूरचे कोष्टी. इतवारीच्या पलीकडे आमची वस्ती, आणि माझं लग्न झालं तेव्हा गल्लीत घरोघरी हातमाग चालू होते. माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असायचा. त्या खड्ड्यात पाय सोडून हे मिसरूड फुटायच्या आधीपासून बसत आले होते. हे म्हणजे माझा नवरा. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि आता या वयात ती सवय लावून घ्यायचा माझा विचारही नाही.

सत्तरच्या दशकात नायलॉनच्या साड्यांनी बाजार भरला. धुतली की वाळली, इस्त्री नको, काही नको. मलाही एक हवी होती, पण कोणत्या तोंडाने मागणार? आमची सुती लुगडी पडून राहायला लागली. एक दिवस माग उतरवला, खड्डा बुजवून वर सारवून टाकलं, आणि हे सीताबर्डीला एका कापड दुकानात नोकरीला लागले. दिवसभर गिऱ्हाइकापुढे तेच नायलॉन उलगडायचं आणि हसायचं. घरी आले की बोलत नसत. भिंतीकडे तोंड करून जेवत. माणूस भांडला तर त्याला उत्तर देता येतं. गप्प माणसाचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

अशात दुकानातल्या कोणीतरी यांना कळमेश्वरच्या वाटेवरच्या एका तलावावर नेलं आणि यांना गळाचं वेड लागलं. सुरुवातीला मी खूश होते. दुकान बंद असायचं त्या दिवशी सकाळी सायकल काढत, दुपार कलताना परत येत आणि आल्या आल्या बोलायला लागत. मासा केवढा होता, कसा धरला, कसा सुटला. सुटला, हे शेवटी यायचंच.

मग मी एकदा डबा घेऊन सोबत गेले आणि तो तलाव पाहिला. जुना दगडी बांध, त्याला पाण्यात उतरत जाणाऱ्या पायऱ्या. एका टोकाला गावातल्या बाया कपडे धूत होत्या. दुसऱ्या टोकाला पाणी सोडायची मोरी होती आणि तिथे कोणीच नव्हतं. कपडे धुणाऱ्या एका बाईला विचारलं तर ती म्हणाली, "तिथं नाही जात वं आम्ही. म्हशीही नाही जात. पायऱ्या सरतात अन् मग खाली कायीच नाही." यांची बसायची जागा नेमकी तीच होती, कारण मोठे कतला मासे तिथेच लागत. यांना पोहता येत नव्हतं. खड्ड्यात बसून बसून गुडघे असे आखडलेले की सपाट रस्त्यावरही चाल जरा वाकडी पडायची. त्या दिवसापासून मला त्या मोरीची भीती बसली. यांच्या सायकलची घंटा गल्लीत ऐकू येईपर्यंत मी दारातच उभी राहत असे.

यांचा दोरा का तुटायचा, ते मी बघून बघून ओळखलं. माझंही सगळं आयुष्य दोऱ्यातच गेलं होतं.

आमच्याकडे ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला खळ लावून ते गल्लीत उन्हात ताणून वाळवत. हे गळाचा नायलॉनचा दोराही तसाच अंगणातल्या दोन खांबांना ताणून उन्हात ठेवायचे. एकदा तर त्याला भाताची पेज लावली! मी हसले तर दोन दिवस अबोला. नागपूरच्या उन्हात तो दोरा वाळक्या काडीसारखा ठिसूळ व्हायचा. मागावर सूत ढिलं पडलं की कापड बिघडतं, म्हणून यांचा हात सूत ताणूनच धरायचा. मासा ओढायला लागला की त्याला थोडा दोरा सोडावा, दमू द्यावा, हे यांच्या हाताला सुचतच नसे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गाठी. मागावर सुताची तार तुटली की आम्ही चिमटीत दोन टोकं धरून पापणी लवायच्या आत सांधतो, आणि गाठीची शेपटं अगदी मुळाशी कापतो, नाहीतर ती मागाच्या फणीत अडकतात. सुताला अंगची लव असते, ती गाठ धरून ठेवते. नायलॉनला कुठली लव? जोर आला की गाठ गुळगुळीत सुटायची. पण दोरा तुटला म्हणून फेकून देणं यांच्या जिवावर यायचं. त्यामुळे यांच्या दोऱ्याला दर हातभर अंतरावर गाठ होती.

तलावावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड येत. घडीची खुर्ची, डोक्यावर टोपी, गळाचा जुना शौक. यांचा दोरा हातात घेऊन ते म्हणाले, "भाऊ, तुटला दोरा फेकत जा. याले सांधत नसतात."

"आम्ही कोष्टी आहो," हे म्हणाले. "आमच्यात तार फेकत नाही."

गार्डसाहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी यांना वेगळी गाठ शिकवली: जास्तीचे वेढे द्यायचे, थुंकीने ओली करायची, हळू आवळायची आणि शेपूट लांब सोडायचं. यांनी ती घरी येऊन मला शिकवली. आम्ही दोघांनी ओसरीवर बसून ती ओढून पाहिली, सुटली नाही. त्या संध्याकाळी हे मनापासून हसले. वर्षभरात पहिल्यांदा. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

कसलं काय! पुढच्याच खेपेला मासा लागला, गाठ टिकली आणि दोराच तुटला. घरी आले तेव्हा तळहातावर आडवी चीर होती. हळद लावू दिली नाही. "या नायलॉननं माझा माग खाल्ला," म्हणाले, "आता माझ्या हातातला मासा खाऊन राहिलं." आवाज चढवून बोलले असते तर बरं वाटलं असतं. हे अगदी हळू बोलले.

त्यानंतर यांनी इतवारीतून नायलॉनचीच एक विणलेली दोरी आणली. करंगळीपेक्षा बारीक, पण माणूस टांगला तरी तुटणार नाही अशी. दरवाजाच्या चौकटीला ती बांधली आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळून सगळा भार टाकून मागे रेलले. चौकट करकरली. दोरी तशीच.

"मनगटाले काहून बांधता?" मी विचारलं.

"मागच्या बारीले दोरा हातातून सरकला, हात चिरला. आता नाही निसटत."

"तुम्हाले पोहता येते का?"

"मी काय पोहाले जाऊन राहिलो?"

गार्डसाहेबांनीही सांगून पाहिलं होतं म्हणे. हाताला बांधू नका, मोठा मासा मोरीकडे गेला की सोडून द्यावा लागतो. हे मला ती गोष्ट हसत हसत सांगत होते. मला हसू आलं नाही. रोज सकाळी ती दोरी चौकटीला बांधायची, रेलायचं, चौकट करकरायची. मी चुलीपुढे बसून तो आवाज ऐकायची आणि पोळी करपायची.

सुटीच्या आदल्या दिवशी यांनी दोरी आणि जाड दोरा माझ्यापुढे टाकला. दोरी तेवढ्या लांबीची नव्हती, पुढे दोरा जोडायचा होता, आणि जवळचं यांना हल्ली नीट दिसत नव्हतं. घरात सांधायचं काम तसंही बायकांचं. "गार्डसाहेबाची गाठ मार," म्हणाले आणि अंघोळीला गेले.

मी वेढे दिले. गाठ जिभेने ओली केली. हळू आवळली. चांगली पक्की गाठ होती. मग ती मी सोडवली. चिमटीत दोन टोकं धरली आणि माझ्या आईने मला शिकवली तशी, आमची गाठ मारली. शेपटं मुळाशी कापली. त्यावर दोन फेरे दोरा गुंडाळून ठेवला, बोटाला कळू नये म्हणून. मला जे करणं भाग वाटलं ते केलं, बस.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मीपण येते. सायकलच्या मागे डबा मांडीवर घेऊन बसले. पाणी उतरलेलं होतं, मोरीजवळच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, शेवाळाने काळ्या. गार्डसाहेब लांब बसले होते, त्यांनी टोपी हलवली. यांनी मनगटाला फास आवळला. मी एक पायरी वर बसले. वारा नव्हता. बाया कपडे आपटत होत्या तेवढाच आवाज.

मासा लागला तो सरळ मोरीकडे गेला. यांचा हात एकदम पुढे ताणला गेला आणि त्यामागे हे दोन पायऱ्या उतरले. "सोडा!" मी ओरडले. सोडणार काय? बांधलेलं होतं. यांनी दोरी ताणून धरायला भार मागे टाकला, मागावर टाकत तसा, आणि शेवाळावरून पाय गेला. पाण्यात पडले ते पायऱ्या सरतात तिथेच. एक हात वर, दगड चाचपणारा. दुसरा हात पाण्याखाली, ओढला जाणारा, आणि त्या हाताबरोबर खांदा, मग कान, मग तोंड. मी यांच्या सदऱ्याची कॉलर धरली होती आणि ती माझ्या बोटांतून सरकत होती.

मग ओढ थांबली. एकाएकी. खालचा हात सैल होऊन वर आला, यांनी दोन्ही हातांनी दगड धरला, तोवर गार्डसाहेब धावत आले, आणि आम्ही दोघांनी यांना वर घेतलं.

हे कितीतरी वेळ खोकत होते. मग दोरीचं मोकळं टोक उचलून डोळ्यांजवळ नेलं. तुटलेलं टोक कसं दिसतं आणि सुटलेलं कसं, हे कोष्ट्याला कोणी सांगावं लागत नाही. ते चिमटीत धरून हे माझ्याकडे बघत राहिले.

"तू आपली गाठ मारली," म्हणाले.

"हो. मुद्दाम मारली. माशाचा दोरा तुटला तर मासा तरी जगते. तुमचा कोण तोडणार होतं?" मी रडत होते आणि मला फार राग आला होता, दोन्ही एकदम. "पुन्हा सांगाल तर पुन्हा तशीच मारीन."

यांनी मनगट माझ्यापुढे केलं. फास मांसात रुतला होता, बोटं निळी पडायला लागली होती. मी नखांनी प्रयत्न केला, दातांनी केला. ती गाठ यांनी स्वतः मारली होती, गार्डसाहेबांनी शिकवली तशी, वेढे देऊन, ओली करून, हळू आवळून. ती जराही हलली नाही. शेवटी गार्डसाहेबांनी खिशातला चाकू काढला आणि मी यांचा हात धरून ठेवला.