एकाच रोगाचे दोन भाऊ

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. विषय कुष्ठरोग. एकाच चुलीवरचं खाणाऱ्या सख्ख्या भावांपैकी एकाला हा जंतू पार पोखरतो आणि दुसऱ्याच्या अंगावर नुसता एक चट्टा उठवतो, ते कशामुळे, हे आम्ही शोधत होतो. रक्तातल्या टी पेशी जंतूला थेट ओळखत नाहीत. आपल्याच शरीरातली दुसरी एखादी पेशी जंतूचा तुकडा एका रेणूत धरून बाहेर दाखवते, तेव्हा त्या ओळखतात. हे रेणू माणसागणिक वेगळे असतात, निम्मे आईकडून आलेले, निम्मे वडिलांकडून. रोग कुणात कसा वाढणार ते याच रेणूंवर ठरतं, असा आमचा अंदाज होता, म्हणून आम्हाला भावंडांचं रक्त हवं होतं.

अशी तीन भावंडं उरवडे गावात मिळाली. घर मोठं, जमीन भरपूर. थोरला भाऊ गावात मानाचा. धाकट्याला त्यानं गोठ्यामागे पत्र्याच्या आडोशाला ठेवलं होतं. त्याच्या भुवया झडल्या होत्या, चेहऱ्यावर गाठी आल्या होत्या. असे चेहरे मी रोजच बघत होते. मी थबकले ते समोरची पाटी बघून. शेण भरायच्या पाटीत त्याची भाकरी टाकलेली होती, आणि कडेचं शेण अजून ओलं होतं.

थोरला नाकाला उपरणं लावून लांब उभा होता. म्हणाला, "रगतपिती हाय, बाई. ह्याच्या पापाचं फळ. आमच्यात दुसऱ्या कुनाला न्हाई असलं."

तपासणी सगळ्यांचीच करायची होती. थोरल्याची बाही वर केली तर दंडावर फिकट, कोरडा चट्टा. त्याला डोळे मिटायला सांगून मी त्यावर कापूस फिरवला.

"लावा की," तो म्हणाला.

माझं कधीच लावून झालं होतं. कोपराजवळची नस हाताला दोरीसारखी जाड लागत होती.

"दादा, तुम्हालाही हाच आजार आहे," मी सांगितलं. "तुमच्या रक्तातल्या पेशींनी जंतूला ओळखलंय, म्हणून तो एवढ्यावरच अडकलाय. पण त्या झटापटीत नस मरते. बोटं वाकडी होतील. गोळ्या लगेच सुरू करा."

त्यानं बाही झटक्यात खाली ओढली. "ह्यो नायटा हाय. त्याचं न् माझं एक करताय व्हय?"

तेवढ्यात बहीण आली. भुकूमला दिलेली, रक्त द्यायला म्हणून बोलावलेली. धाकटा पुण्याच्या दवाखान्यात आहे असंच तिला आजवर सांगितलं होतं. तिनं आधी पाटी पाहिली, मग भाऊ पाहिला.

"ऊठ," ती त्याला म्हणाली. "चल माझ्याकडं."

"नेलंस तर हितं परत पाय ठिवू नगंस," थोरला ओरडला.

ती उंबऱ्यापाशी गेली आणि खरोखरच थुंकली. मला फार बरं वाटलं.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर जीपपाशी उभे राहून स्पिरिटनं कोपरापर्यंत हात धूत होते. हा रोग असा चिकटत नाही, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेलं. धाकट्याला जीपमध्ये घेऊ या म्हटल्यावर ते म्हणाले, "नको. रक्त मिळालं ना? आपलं काम झालं." त्यांच्या शेजारी बसायची मला किळस आली. मी त्या दोघांबरोबर चालत निघाले. वाटेत धाकटा बहिणीशी एकदाच बोलला, "ताई, लई भरभर चालतेस."

रक्ताचा निकाल आला. बहिणीचे आणि धाकट्याचे रेणू दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे होते, आणि ती ठणठणीत. सर म्हणाले, "हे घर वगळून टाका, निष्कर्ष बिघडतो." मी ती नोकरी सोडली आणि पौडच्या बाजूला कुष्ठरोगाच्या गोळ्या वाटायच्या कामाला लागले. दशक संपता संपता वाचलं, की सगळ्या माणसांत जवळपास सारखेच असणारे दुसरे काही रेणूही आहेत, आणि काही टी पेशी तेही ओळखतात. म्हणजे आम्ही मोजत होतो तेवढ्यावर सगळं ठरत नव्हतं. वगळलेलं ते घर मला तेव्हा आठवलं आणि पुन्हा तोंड कडू झालं.

धाकटा नव्या गोळ्यांनी बरा झाला. गाठी बसल्या, भुवया मात्र आल्या नाहीत. तो बहिणीच्याच शेतात राबायचा आणि तिच्या पोरांच्या पंगतीत जेवायचा.

पौडच्या बाजारात एकदा थोरला भेटला. उजव्या हाताची दोन बोटं आत वळली होती. मला त्यानं दुकानांच्या मागे बोलावलं आणि हात उपरण्याखाली लपवत म्हणाला, "त्याला दिल्या त्याच गोळ्या द्या. पन गावात कळाया नगं."

"बोटं आता सरळ होणार नाहीत," मी म्हटलं.

"ते ऱ्हाऊ द्या. कुनी बघितलं न्हाई न्हवं?"

मी गोळ्या दिल्या. कशा घ्यायच्या, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं. भावाचं नाव त्याच्या तोंडातून निघालं नाही.