बोंडअळीनंतरची चार मिनिटं

माझ्याकडे आईचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज एकही नव्हता. मी दहावीत असताना ती गेली. घरात टेपरेकॉर्डर नव्हता, आणि कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओत ती दिसलीच तर बँडबाजात नुसते ओठ हलताना दिसतात. वर्षं गेली तसा तो आवाज माझ्या कानातून झिजत गेला. आधी शब्द गेले, मग हेल गेला. चाळिशी ओलांडल्यावर एके दिवशी कतारमध्ये, दोह्यातल्या ऑफिसात, समोर एक्सेलची शीट उघडी असताना, मला कळलं की आईचा आवाज कसा होता हे मला आता आठवतच नाही. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले आणि परत येऊन शीट पुरी केली.

आशा एकच होती. मी चौथीत असताना आई एकदा रेडिओवर बोलली होती. मराठवाड्यातल्या आमच्या जिल्ह्याच्या गावी सरकारी रेडिओ केंद्र होतं आणि बाबा तिथल्या टेप लायब्ररीत नोकरीला होते. बायकांच्या कार्यक्रमात आईचं भाषण झालं, विषय होता 'रॉकेलची बचत'. शेजारच्या काकू आमच्याकडे ऐकायला येऊन बसल्या आणि आई लाजून मोरीत भांडी घासत राहिली. त्या भाषणातलं एक वाक्यही माझ्या लक्षात नाही. रेडिओतली बाई आईपेक्षा शहाणी वाटत होती आणि मला तिचा जरा रागच आला होता, एवढं आठवतं.

हल्ली त्या केंद्राने आपल्या जुन्या टेपा ऑनलाइन टाकायला घेतल्या. फुकट, कुणीही ऐकाव्यात. दर आठवड्याला चार-दोन नव्या यायच्या. मी जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात दुसऱ्या हाताने शोधायची. 'रॉकेल', 'बचत', 'गृहिणी', आईचं सासरचं नाव, माहेरचं नाव. कीर्तनं निघायची, शेळीपालन निघायचं, आई काही निघायची नाही.

थंडीत बाबा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे, दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मी त्यांना टॅबलेटवर ते पान उघडून दिलं. मग काय विचारता! सकाळी चहाबरोबर जे बसायचे, ते बकालावाला, म्हणजे खालचा वाणी, दुपारची डिलिव्हरी घेऊन येईपर्यंत उठायचे नाहीत. "ही तीन नंबरच्या कपाटातली," म्हणायचे. "ह्याचा स्पूल एकदा पावसात भिजला होता." आयुष्यभर ऑफिसचं पेन घरी न आणलेला माणूस. आता सगळं ऑफिसच त्यांच्या मांडीवर येऊन बसलं होतं.

माझी मुलगी नववीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमधून येतं. एका शुक्रवारी तिने विचारलं, "आजोबा, हू पेड फॉर ऑल धिस?"

बाबांना हेच हवं होतं. "लोकांनी," ते म्हणाले. "माझ्या लहानपणी घरात रेडिओ ठेवायचा तर लायसन्स लागायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, मग ते लायसन्सच्या पुस्तकात नोंद करून शिक्का मारायचे. नाही भरलं तर तपासणीला माणूस यायचा."

"सो, लाइक अ सबस्क्रिप्शन."

"नव्हे, बाईसाहेब. सबस्क्रिप्शन आपल्यापुरतं असतं. चौकातला हॉटेलवाला एकटा भरायचा आणि बातम्या सगळा गाव ऐकायचा. पुढं लायसन्स बंद झालं, सरकार देऊ लागलं. पण सरकारचा पैसा म्हणजे तरी लोकांचाच की. म्हणून केंद्रातली प्रत्येक टेप लोकांची."

मी कणीक मळत होते. तिथूनच म्हटलं, "मग आईची टेप कधी टाकणार आहेत तुमचे लोक? मी किती दिवस शोधतेय."

बाबांनी टॅबलेटचा आवाज बंद केला. "ती नाही येणार," ते म्हणाले. "ती मी पुसली."

हळूहळू त्यांनी सांगितलं. नव्या टेपांना पैसा कधीच पुरत नसे. कार्यक्रम लागून गेला, ठरलेली मुदत संपली, की टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरा कार्यक्रम घ्यायचा. काय जतन करायचं त्याची यादी वरून यायची. तीत मोठे गवई होते, पुढारी होते, शेतीची माहिती होती, रॉकेलची बचत नव्हती. आईच्या टेपेची पाळी ती गेल्यानंतरच्या वर्षी आली.

"तुम्ही स्वतःच्या हाताने?"

"माझंच काम होतं ते."

"एक कॅसेट भरून घरी आणली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

"टेप लोकांची होती."

"आणि आई? ती कुणाची होती?"

मला तेव्हाच थांबायला हवं होतं, पण माझी जीभ थांबणारी नाही. तुम्हाला बायकोपेक्षा रजिस्टर जवळचं होतं, असंही मी म्हणाले. पुढचे काही दिवस आम्ही दोघं मीठ आणि गोळ्या सोडून दुसऱ्या विषयावर बोललो नाही. नवरा मेसईदच्या कारखान्यातून पाळी संपवून यायचा, घरातली हवा बघायचा आणि मुकाट्याने जेवायचा.

गुरुवारी संध्याकाळी मी दूध आणायला खाली निघाले, तर बाबा चपला घालून मागोमाग आले. बकालातून परतताना ते फुटपाथवर एका लँडक्रूझरशेजारी थांबले.

"सगळी नाही पुसली," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी नीट समजावलं, अगदी नव्या कारकुनाला समजावावं तसं. नियम असा, की जुनी टेप आधी पुसायच्या मशीनवर ठेवायची, मगच तिच्यावर नवं काही घ्यायचं. आईची टेप त्यांनी मशीनवर ठेवलीच नाही. तिचं भाषण बारा मिनिटांचं होतं. त्यावर त्यांनी मुद्दाम जतनाच्या यादीतला आठ मिनिटांचा कार्यक्रम चढवला, 'कपाशीवरील बोंडअळी'. आईची पहिली आठ मिनिटं बोंडअळीखाली गेली, शेवटची चार तशीच राहिली. खोक्यावर त्यांनी लिहिलं, 'बोंडअळी, आठ मिनिटं'. लावणारा आठ मिनिटांनी मशीन बंद करणार, पुढे काय आहे ते कुणाला कळणार?

"सबंध नोकरीत तेवढी एक लबाडी केली," ते म्हणाले. "तुला सांगायची लाज वाटली. पुसली म्हटलेलं बरं वाटलं."

"मग नंतर ऐकलीत कधी?"

"नाही."

"इतक्या वर्षांत एकदाही नाही? का?"

"एकदा ऐकली असती तर घरी आणली असती."

दुधाची कॅन हातात धरून मी तिथेच रडायला लागले. इतके दिवस जपलेला राग कुठे ठेवावा ते कळेना. बाबांनी माझ्या हातातली कॅन घेतली आणि आम्ही वर आलो.

वर येऊन मी 'बोंडअळी' असं शोधलं. कार्यक्रम होता! कधीचा आला होता आणि मी कितीदा तो ओलांडून पुढे गेले होते. आम्ही तिघं टॅबलेटभोवती बसलो. त्या कृषी अधिकाऱ्याला इतके लक्ष देऊन ऐकणारे श्रोते जन्मात मिळाले नसतील. आठ मिनिटं झाली, त्याने शेतकरी बांधवांचे आभार मानले आणि फाइल संपली. पुढे काही नव्हतं.

"दे मस्ट हॅव ट्रिम्ड इट," मुलगी हळूच म्हणाली.

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "नीटनेटकं काम करायलेत पोरं," ते म्हणाले. त्यांना वाईट म्हणायचं नव्हतं, खरंच कौतुक करायचं होतं, आणि तेच मला ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आम्हाला सुट्टी, पण तिकडे केंद्र उघडं. मी सकाळीच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. टेपा चढवण्याचं काम एक कंत्राटावरची मुलगी एकटीच करत होती. बिचारी नीट बोलली. "मॅडम, कार्यक्रमानंतरचा भाग आम्ही कापतो. ते स्पूल आता भंगारात गेले. अख्खी फाइल हार्ड डिस्कवर असते, पण डिस्क भरली की जुन्या फाइली पुसून त्यावरच नव्या घेते. दुसरी डिस्क मागितलीय, मंजूर नाही झाली अजून."

बाबा एकदम हसले. "अजून तेच चालू आहे की," ते म्हणाले.

मला हसू येत नव्हतं. केंद्रातल्या मुलीने "थांबा, बघते" म्हणून फोन बाजूला ठेवला. तिकडे पंखा फिरत होता, कुणीतरी चहाचं विचारत होतं. पाच मिनिटांनी ती परत आली. "आहे मॅडम. शेवटी एक बाई बोलतायत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू का?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "नको, पोरी. ती मी नियम मोडून ठेवली होती. तशी गुपचूप घेणार नाही. मी अर्ज करतो. साहेब हो म्हणाले तर सगळ्यांसाठी टाक, आम्ही तिथंच ऐकू."

मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. "बाबा, तोवर डिस्क भरली म्हणजे? तुमचं परतीचं तिकीट पुढच्या शुक्रवारचं आहे!"

पलीकडून ती मुलगी म्हणाली, "काका, तुमचं उत्तर येईपर्यंत मी त्या फाइलीला हात लावत नाही." तिचे उपकार मी विसरणार नाही.

बाबांनी अर्ज हाताने लिहिला. विषय: सेवेत असताना माझ्याकडून झालेल्या नियमभंगाबाबत. त्यात कुठेही विनवणी नव्हती. टेप कोणती, खाली कोणाचं भाषण, आपण काय केलं, एवढंच. "पेन्शनला काही केलं म्हणजे?" मी विचारलं. "करू देत," ते म्हणाले आणि सही केली. नातीने फोटो काढून ईमेल केला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून ते पान पुन्हा पुन्हा उघडायची. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी मी बाबांवर ओरडले, की घेऊन बसा आता तुमचा अर्ज. ते शांतपणे लसूण सोलत राहिले. बुधवारी दुपारी त्या मुलीचा मेसेज आला: साहेबांनी मंजूर केलं, संध्याकाळपर्यंत टाकते.

मी घरी आले तेव्हा बाबा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसले होते. पानावर लिहिलं होतं, 'रॉकेलची बचत, उपलब्ध अंश', आणि खाली आईचं पूर्ण नाव. माझ्या मुलीने उठून एसी बंद केला. बाबांनीच बटण दाबलं.

आधी खरखर आली. मग मधूनच, अर्ध्या वाक्यापासून आई सुरू झाली: "...भिजवलेली असेल, तर शिजायला निम्मंच रॉकेल लागतं."

मला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज बारीक होता. थोडा घाईचा. कागदावरचं शुद्ध वाचत होती आणि मध्येच हेल निसटत होता. मला तो आठवला नाही, मी तो ओळखला. तोंडावर हात धरून बसले, माझ्या हुंदक्याने एखादा शब्द बुडू नये म्हणून.

"शेजारणीशी बोलायला दारात जाताना स्टोव्ह बंद करावा," आई सांगत होती. "दोन मिनिटं म्हणून गेलेली बाई दोन मिनिटांत परत आलेली मी तरी अजून पाहिलेली नाही."

माझी मुलगी खळखळून हसली. जिला तिने कधी पाहिलं नाही त्या आजीने तिला हसवलं. बाबा डोळे मिटून बसले होते.

आणखी काही सूचना झाल्या. झाकण ठेवा, वात कापा. मग "नमस्कार" झाला आणि नुसती खरखर राहिली. संपलं असं समजून मी हात पुढे केला, तोच खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग आईचा घरचा, स्वयंपाकघरातला आवाज, हा रेडिओवर कधी लागलाच नव्हता:

"झालं का हो? बरी बोलले का मी?"

खट्, आणि फाइल संपली.

मग बाबा म्हणाले, "त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या मशीनवरही मीच होतो. काचेच्या अलीकडून नुसती मान हलवली होती." आणि ते वाकले, टॅबलेटच्या अगदी जवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, "चांगलं बोललीस. लई चांगलं बोललीस."